व्हिक्टर हाराच्या तबकड्या : नावानिशी माणसं

व्हिक्टर हारा हे नाव आपल्याकडे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते बहुधा त्याच्या मृत्यूमुळे ठाऊक आहे. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीच्या लष्करानं साल्वादोर आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. दुसऱ्या दिवशी सान्तियागोच्या तंत्र विद्यापीठातून शेकडो विद्यार्थी-प्राध्यापकांबरोबर हारालाही पकडलं, ‘एस्तादिओ चिले’ या बंदिस्त क्रीडागृहात डांबलं, त्याचे हाल केले आणि त्याला गोळ्या घातल्या. त्याचे हात तोडले होते, अशी कथा जगभर सांगितली जाते. ती खरी नाही. मारहाणीत त्याचे हात ठेचले गेले होते, तोडलेले नव्हते. त्याच्या शरीरात चाळीसहून अधिक गोळ्या शिरल्या होत्या. घडलं तेच इतकं भयंकर आहे की त्यात भर घालायची गरज नाही.

या कथेनं त्याचं नाव जगभर नेलं, पण त्याच्या गाण्याचं नुकसानही केलं. त्याची गाणी आज शेवटाकडून मागे ऐकली जातात. बाजारात मिळणाऱ्या निवडक संचांमध्ये शोकगीतासारखी वाटणारी गाणी पुढे असतात आणि थट्टेची, प्रेमाची, गावाकडची गाणी गळालेली असतात. वस्तुतः १९६६ ते १९७३ या काळात त्यानं स्वतःच्या नावावर सात एलपी केल्या, किलापायून या गायकवृंदाबरोबर एक केली आणि एक अपुरी ठेवली. हा सगळा ऐवज ओळीनं ऐकला, की हुतात्म्याच्या जागी एक कारागीर दिसू लागतो. तो दर दोन वर्षांनी काहीतरी नवं शिकतो आणि शिकलेलं पुढच्या तबकडीत वापरतो.

माझं म्हणणं असं, की हाराच्या राजकीय गाण्यांचं बळ घोषणांत नाही. त्याच्या गाण्यांतल्या माणसांना नावं आहेत, बळ तिथं आहे. जिथं तो एका माणसाला नावानं समोर आणतो तिथं गाणं पन्नास वर्षांनंतरही ताजं राहतं. जिथं तो वर्गाला, जनतेला किंवा शत्रुपक्षाला ठोकळ्यानं उद्देशून गातो तिथं ते त्या वर्षाच्या वर्तमानपत्राबरोबर जुनं होतं.

हे त्याच्याकडे कुठून आलं, हे समजायला त्याची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. जन्म २८ सप्टेंबर १९३२. बालपण सान्तियागोजवळच्या लोन्केन या खेड्यात, जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या कुळाच्या घरात. वडील मानुएल. आई आमांदा गिटार वाजवून गायची. लग्नकार्यात तर गायचीच, पण तान्हं मूल दगावलं की रात्रभर जागून जी गाणी म्हणायची तिकडे रीत होती, तीही गायची. पुढे कुटुंब शहरात आलं आणि आईनं बाजारात खाणावळीचा ठेला चालवला. १९५० मध्ये ती गेली. पोरका झालेला व्हिक्टर दोन वर्षं धर्मगुरू होण्यासाठी मठात राहिला, तिथून बाहेर पडला, सैन्यातली सक्तीची नोकरी केली आणि मग चिली विद्यापीठाच्या नाट्यशाळेत शिरला. त्याची पुढची ओळख बराच काळ गायकाची नव्हतीच. तो दिग्दर्शक होता आणि नावाजलेला होता. ‘ला रेमोलिएन्दा’ हे आलेहान्द्रो सिएव्हेकिंगचं नाटक त्यानं १९६५ मध्ये बसवलं. ‘कुन्कुमेन’ या लोकसंगीताच्या चमूबरोबर तो खेड्यापाड्यांतून गाणी गोळा करत हिंडला आणि १९६१ मध्ये त्या चमूबरोबर युरोप आणि सोव्हिएत संघाचा दौरा करून आला. त्याला स्वतः गाणी रचायला आणि एकट्यानं गायला उद्युक्त करणाऱ्यांत व्हिओलेता पारा होती. चिलीच्या लोकसंगीताला पुन्हा उभं करणारी ही बाई नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

१९६५ मध्ये व्हिओलेताची मुलं इसाबेल आणि आन्खेल यांनी सान्तियागोत कार्मेन रस्त्यावरच्या ३४० क्रमांकाच्या जुन्या घरात ‘पेन्या’ सुरू केली. दारूचा पेला, गरम एम्पानादा आणि मेणबत्तीच्या उजेडात गाणं, असं त्या जागेचं रूप होतं. हारा तिथं नेमानं गाऊ लागला आणि तिथल्याच वर्तुळातून त्याची पहिली एलपी १९६६ मध्ये कामिलो फेर्नान्देस या निर्मात्यानं काढली. तिच्यात एकटा आवाज आणि गिटार इतकंच प्रामुख्यानं आहे. ‘एल आरादो’ हे नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचं गाणं इथं आहे आणि ‘पालोमा किएरो कोन्तार्ते’ हे पत्नी जोनला उद्देशून लिहिलेलं प्रेमगीतही. जोन टर्नर ही मूळची इंग्लंडची नर्तकी, चिलीच्या राष्ट्रीय बॅलेत नाचायला आलेली आणि तिथंच राहिलेली.

त्याच सुमारास ‘ला बेआता’ हे एक पारंपरिक, खट्याळ गाणं त्यानं तबकडीवर आणलं. कबुलीजबाब देता देता पाद्रीच्या प्रेमात पडणाऱ्या एका देवभोळ्या बाईची ही गंमत आहे. गावात पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जाणारं हे गाणं तबकडीवर येताच कॅथलिक मंडळी खवळली आणि रेडिओवर त्याला बंदी झाली. राजकीय गायक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या गाण्यावर आलेली पहिली बंदी एका लोकगीतावर आली, ही गोष्ट लक्षात ठेवावी. लोकसंगीताचं गुळगुळीत रूप तेव्हा चिलीच्या रेडिओवर भरपूर वाजत असे. इस्त्रीच्या पोशाखातले गायक निसर्गाचं वर्णन करत. हारानं गावाची जीभ होती तशी ऐकवली आणि तेवढंही खपलं नाही.

१९६७ मध्ये तो इएमआयच्या ओदेओन या शाखेकडे गेला. मोठी कंपनी, चांगला स्टुडिओ, निगुतीनं केलेलं मुद्रण. त्या वर्षीच्या एलपीत ‘एल आपारेसिदो’ हे चे गेव्हाराला उद्देशून केलेलं धावतं, पाठलागाच्या लयीचं गाणं आहे आणि त्याच्याच शेजारी मेलेल्या तान्ह्या बाळाला निरोप देण्याचं जुनं गाणंही आहे. आईकडून आलेला वारसा आणि त्या दिवसांची बातमी, दोन्ही एका तबकडीवर. १९६६ ते १९६९ या काळात तो किलापायूनचा संगीत दिग्दर्शकही होता. काळ्या पोंचोतले ते दाढीवाले तरुण रंगमंचावर कसे उभे राहतात, किती हलतात, दोन गाण्यांमध्ये किती वेळ गप्प राहतात, हे त्यानं नाटक बसवावं तसं बसवलं. १९६८ ची त्यांच्याबरोबरची एलपी लॅटिन अमेरिकेतल्या लोकगीतांची आहे. ती ऐकताना कळतं की आवाजांची मांडणी हाही दिग्दर्शनाचाच भाग आहे.

तोपर्यंत एक नवी सोय उभी राहिली होती. कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेनं १९६८ मध्ये किलापायूनची व्हिएतनामवरची एलपी स्वतःच काढली. तिच्या यशातून जी कंपनी आकाराला आली तिचं नाव पुढे डिकॅप झालं. ज्या गाण्याला व्यापारी कंपनी हात लावणार नाही, ते इथं निघू शकत होतं. यापुढे हाराची तबकडी कधी ओदेओनकडून, कधी डिकॅपकडून येत राहिली. या दोन घरांची विभागणी नीट ध्यानात ठेवायला हवी, कारण १९७३ नंतर त्याच्या मूळ फितींचं काय झालं हे त्यावरच ठरलं.

डिकॅपकडून आलेली ‘पोंगो एन तुस मानोस आबिएर्तास’ ही १९६९ ची एलपी म्हणजे त्याच्या कारकिर्दीची कूस बदलणारी तबकडी. तिच्यामागे एक घटना आहे. ९ मार्च १९६९ ला दक्षिणेतल्या प्वेर्तो मोन्त या बंदराच्या गावी, पडीक जमिनीवर झोपड्या बांधून राहिलेल्या कुटुंबांवर पोलिसांनी पहाटे गोळीबार केला. मृतांत एक तान्हं मूलही होतं. तेव्हाचे गृहमंत्री एदमुन्दो पेरेस सुखोविच यांच्यावर जबाबदारी येत होती. हारानं काही दिवसांतच ‘प्रेगुन्तास पोर प्वेर्तो मोन्त’ हे गाणं रचलं आणि सान्तियागोतल्या प्रचंड निषेधसभेत गायलं. गाण्यात मंत्र्याचं आडनाव सरळ घेतलं आहे. मेलेल्यांच्या बाजूनं एक शांत, ठाम प्रश्नावली आहे, आरडाओरडा नाही. याच गाण्यामुळे एका उच्चभ्रू शाळेतल्या कार्यक्रमात त्याच्यावर दगड भिरकावले गेले. दोन वर्षांनी एका छोट्या सशस्त्र गटानं पेरेस सुखोविच यांचा खून केला. गाणं त्या खुनाला जबाबदार नव्हतं, पण चिलीतली हवा किती तापली होती हे यावरून कळावं.

या एलपीवर दुसऱ्यांची गाणीही बरीच आहेत. उरुग्वेच्या दानिएल व्हिग्लिएत्तीचं जमिनीची कुंपणं उपटून टाकण्याबद्दलचं, आताहुआल्पा युपान्कीनं प्रचारात आणलेलं अंगाईगीत, पीट सीगर आणि ली हेजचं हातोड्याचं गाणं. शीर्षक ज्या गाण्यातून आलं ते चिलीच्या कामगार चळवळीचा जनक लुइस एमिलिओ रेकाबारेन याला अर्पण केलेलं आहे. मुखपृष्ठावर राबलेले हात आहेत. डिकॅपची मुखपृष्ठं करणाऱ्या लार्रेया बंधूंनी त्या काळच्या चिलीला एक नवी चित्रभाषा दिली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पण या सगळ्यात उठून दिसतं ते ‘ते रेकुएर्दो आमांदा’. १९६८ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या निमंत्रणावरून हारा इंग्लंडमध्ये होता, तेव्हा घरापासून दूर असताना त्यानं ते रचलं. कारखान्यातल्या मधल्या सुट्टीत पाच मिनिटं भेटणारी दोन माणसं. ती पावसातून धावत येते. तो पुढे डोंगरात लढायला जातो आणि परत येत नाही. प्रियकराचं नाव मानुएल, प्रेयसीचं आमांदा, म्हणजे हाराच्या वडिलांचं आणि आईचं. आमांदा हे त्याच्या धाकट्या मुलीचंही नाव. गाण्यात शोषण हा शब्द नाही, क्रांती हा शब्द नाही. भोंगा वाजतो आणि भेट संपते. वेळ कोणाच्या मालकीचा आहे, हे एवढ्यात कळतं. मला तरी जगातल्या राजकीय गाण्यांत याच्या तोडीचं फार थोडं सापडतं. आवाजही पाहा. तो कुठेही भरून येत नाही, रडवण्याचा प्रयत्न करत नाही. गिटारची बोटं चालत राहतात, आवाज त्यांच्या थोडा मागे राहतो. नाटकवाल्या माणसालाच इतकं मागे राहणं जमतं.

१९६९ च्या जुलैत चिलीच्या ‘नव्या गाण्या’च्या चळवळीचा पहिला महोत्सव झाला. किलापायूनला सोबत घेऊन हारानं ‘प्लेगारिया आ उन लाब्रादोर’ सादर केलं आणि पहिलं बक्षीस विभागून मिळवलं. शेतकऱ्याला उद्देशून केलेली ही प्रार्थना मठात शिकलेल्या माणसानंच लिहावी अशी आहे. ख्रिस्ती प्रार्थनेचा घाट तिला आहे आणि ती हळूहळू चढत जाऊन कूच होते. अंतिम सोहळा झाला ती जागा ‘एस्तादिओ चिले’. चार वर्षांनी त्याला मारलं तीच.

१९७० ची ‘कान्तो लिब्रे’ पुन्हा ओदेओनची. ही तबकडी दुर्लक्षित राहिली आहे आणि तो अन्याय आहे. तिच्यातलं ‘आन्खेलिता हुएनुमान’ हे गाणं मापुचे समाजातल्या एका विणकर बाईवर आहे. तिचं घोंगडं विणणं, तिचे हात, लोकरीचे रंग, एवढंच. आदिवासींच्या हक्कांवर भाषण न करता एका आदिवासी बाईचं काम तो इतक्या आदरानं पाहतो की ऐकणाऱ्याला तिच्या नावाचा विसर पडत नाही. याच तबकडीवर एका गरीब तरुण मुलीच्या आत्महत्येवरचं गाणं आहे, तिथंही नाव शीर्षकात आहे, कार्मेन्सिता.

४ सप्टेंबर १९७० ला आयेंदे निवडून आले. हारा प्रचारात गळ्यापर्यंत बुडाला होता. नंतर नाट्यसंस्था सोडून तो तंत्र विद्यापीठाच्या सांस्कृतिक विभागात गेला आणि देशभर, लॅटिन अमेरिकाभर गात हिंडला. १९७१ ची ‘एल देरेचो दे व्हिव्हिर एन पास’ ही या उत्साहाची तबकडी आहे. शीर्षकगीत हो चि मिन्ह आणि व्हिएतनामच्या जनतेसाठी. साथीला ब्लॉप्स हा रॉक बँड. विजेरी गिटार आणि ऑर्गन घेऊन गाणं म्हणजे अमेरिकी साम्राज्याची नक्कल, असं मानणारे कॉम्रेड तेव्हा पुष्कळ होते. हारानं ती सोवळ्याची रेघ मोडली. इंती-इल्यिमानी या चमूचे वादक आणि पेरूचा संगीतकार सेल्सो गार्रिदो लेक्का हेही या तबकडीत आहेत, त्यामुळे नाद आधीच्या कुठल्याही तबकडीपेक्षा भरगच्च आहे.

इथंच त्याची कमकुवत बाजूही दिसते. ‘नी चिचा नी लिमोना’ हे कुंपणावर बसणाऱ्या मध्यमवर्गीयांची टर उडवणारं गाणं सभेत टाळ्या घेत असे. आज ते ऐकताना तळटीप लागते. अमेरिकी गायिका माल्व्हिना रेनॉल्ड्सच्या ‘लिटल बॉक्सेस’वरून केलेलं, सान्तियागोच्या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यांवरचं गाणं अधिक टिकलं आहे, कारण त्यातला राग नेमका आहे. पण दोन्हींत माणसं नाहीत, नमुने आहेत. उलट ‘एल आल्मा येना दे बान्देरास’ हे १९७० मध्ये मारल्या गेलेल्या मिगेल आन्खेल आगिलेरा या तरुण कार्यकर्त्यावरचं गाणं एका माणसाशी बोलतं, आणि लगेच फरक कळतो.

आणि मग १९७२ ची ‘ला पोब्लासिओन’. माझ्या मते ही त्याची सर्वश्रेष्ठ तबकडी, आणि एकूण राजकीय लोकगायनाच्या इतिहासात तिला फार वरची जागा द्यायला हवी. विषय एका वस्तीचा. १६ मार्च १९६७ च्या रात्री सान्तियागोच्या पश्चिमेला बार्रान्कास भागात बेघर कुटुंबांनी पडीक जमिनीचा ताबा घेतला. त्या धकाधकीत दगावलेल्या तान्ह्या मुलीच्या नावावरून वस्तीचं नाव पडलं एर्मिंदा दे ला व्हिक्टोरिया. हारा त्या वस्तीत ध्वनिमुद्रक घेऊन गेला, घराघरांत बसला, बायकांना आणि पुरुषांना बोलतं केलं. ते आवाज तबकडीत तसेच येतात. ताब्याची रात्र कशी गेली, पोलीस कसे आले, मुलं कुठं झोपवली, हे वस्तीतली माणसं सांगतात आणि गाणं त्यातून उगवतं. काही शब्द सिएव्हेकिंगचे, ‘लो उनिको के तेन्गो’ हे गाणं इसाबेल पाराच्या आवाजात. म्हणजे आपल्या सर्वांत महत्त्वाच्या तबकडीत हारा स्वतः एक गाणं दुसरीला देतो. हा नाटकवाल्याचा निर्णय आहे, पात्राला जो आवाज हवा तो द्यायचा.

‘लुचिन’ याच तबकडीत आहे. चिखलात चिंध्यांच्या चेंडूशी खेळणारं पोर, सोबतीला कुत्रं, मांजर आणि घोडा. तो मुलगा कल्पनेतला नव्हता, हारा दांपत्य त्याला ओळखत होतं. तबकडीत खट्याळ गाणं आहे, नदीकाठच्या दारिद्र्याचं गाणं आहे आणि शेवटी वस्तीवाल्यांचं संचलनगीत आहे. ते संचलनगीत इथं खोटं वाटत नाही, कारण तोवर आपण चालणाऱ्यांना नावानं ओळखू लागलेलो असतो. जे ‘नी चिचा’मध्ये फसतं ते इथं साधतं, याचं कारण एवढंच.

१९७३ मध्ये, देश यादवीच्या काठावर असताना, त्यानं काय मुद्रित केलं? ‘कान्तो पोर त्राव्हेसुरा’, म्हणजे न्युब्ले प्रांतातली खेडवळ थट्टेची, चावट, कोड्यांची गाणी. काहींना हे पलायन वाटलं असेल. मला ती त्याच्या कामातली सर्वांत ठाम भूमिका वाटते. ज्या लोकांसाठी लढायचं त्यांचं हसूही जपायला हवं, हे ‘ला बेआता’पासून त्याला उमगलेलं होतं. लष्करी उठावानं ही तबकडी लोकांपर्यंत नीट पोचण्याआधीच गाडली. त्याच वर्षी तो आणखी एका एलपीची गाणी करत होता. तिच्यात ‘मानिफिएस्तो’ आहे, आपण गातो कशासाठी हे सांगणारं, आणि ‘कुआन्दो व्होय आल त्राबाखो’ हे कामावर जाणाऱ्या मजुराचं गाणं, त्या वर्षी मारल्या गेलेल्या रोबेर्तो आउमादा या कामगारासाठी. ही एलपी पुरी झाली नाही.

उठावानंतर डिकॅपच्या कचेरीवर धाडी पडल्या, तबकड्यांचे साठे आणि मूळ फिती नष्ट झाल्या. कंपनीनं पॅरिसमध्ये पुन्हा बस्तान मांडलं. ओदेओन ही परदेशी भांडवलाची कंपनी असल्यानं तिच्या फितींवर तसा घाला पडला नाही, पण तबकड्या चिलीत विकणं शक्यच नव्हतं. चारांगो आणि केना ही या गाण्यांतली वाद्यंसुद्धा संशयित ठरली. लोकांनी घरातल्या तबकड्या जाळल्या, पुरल्या किंवा दुसऱ्याच गायकाच्या वेष्टनात लपवल्या. जोन दोन मुलींना घेऊन ऑक्टोबर १९७३ मध्ये देशाबाहेर पडली. हाराच्या फिती बाहेर नेण्यात तिचा वाटा मोलाचा आहे. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ‘मानिफिएस्तो’ या नावानं अपुऱ्या एलपीतली गाणी निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी गायक फिल ओक्सनं चिलीसाठी मदतीचा जलसा घडवला. तो १९७१ मध्ये हाराला चिलीत भेटून आला होता. देशात मात्र हुकूमशाहीच्या काळात गाणी कॅसेटवरून कॅसेटवर उतरत राहिली. डिकॅपकडच्या कामाचा मूळ फितींचा आधार तुटल्यामुळे त्या गाण्यांच्या अनेक आवृत्त्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या आहेत. आवाजात खरखर आहे, कडा बोथट आहेत. ओदेओनची गाणी स्वच्छ ऐकू येतात. एकाच गायकाच्या दोन तबकड्यांमध्ये कानाला जाणवणारा हा फरक कलेतला नाही, इतिहासातला आहे.

१९९३ मध्ये जोननं व्हिक्टर हारा प्रतिष्ठान उभारलं, २००१ मध्ये वॉर्नर या तबकडी कंपनीनं चिलीत त्याचं काम नव्यानं प्रकाशित केलं. २००३ मध्ये क्रीडागृहाला त्याचं नाव दिलं गेलं. २००९ मध्ये शव उकरून तपासणी झाली आणि डिसेंबरमध्ये हजारोंच्या साक्षीनं पुन्हा दफन झालं. न्यायाला त्याहून उशीर झाला. २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या ज्यूरीनं माजी लष्करी अधिकारी पेद्रो बार्रिएन्तोस याला दिवाणी खटल्यात जबाबदार धरलं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये चिलीच्या सर्वोच्च न्यायालयानं इतर माजी अधिकाऱ्यांच्या शिक्षा कायम केल्या. त्या नोव्हेंबरमध्ये जोन वारली.

२०१९ च्या ऑक्टोबरात सान्तियागोत आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, सैन्य रस्त्यावर आलं. तेव्हा लोकांनी व्हिएतनामसाठी केलेलं ‘एल देरेचो दे व्हिव्हिर एन पास’ उचललं आणि चौकात शेकडो गिटारींवर ते वाजलं. चिलीच्या गायकांनी त्याचे शब्द बदलून नवं मुद्रणही केलं. गाणं स्वतःची जागा बदलून पुन्हा उपयोगी पडतं, ही लोकगीताचीच रीत.

ही गाणी आता संगणकावर सहज मिळतात. माझी विनंती एवढीच, की ‘निवडक व्हिक्टर हारा’पासून सुरुवात करू नका. ‘ला पोब्लासिओन’ आधी लावा, मधलं बोलणं वगळू नका, स्पॅनिश येत नसली तरी. मग ‘कान्तो लिब्रे’ आणि ‘कान्तो पोर त्राव्हेसुरा’ ऐका. ‘मानिफिएस्तो’ सर्वांत शेवटी ठेवा.